यादीत नसलेला परवाना

धुळ्याच्या त्या रक्तपेढीत सुलक्षणाबाईंचा हुद्दा 'संगणक विभागप्रमुख' असा आहे. विभागात त्या एकट्याच. त्यामुळे प्रमुखपण गाजवायचं कुणावर, हा प्रश्न चोवीस वर्षांत सुटलेला नाही. सगळे त्यांना अक्का म्हणतात. छपाई होईना, अक्कांना बोलवा. पडदा काळा झाला, अक्कांना बोलवा. एकदा छताचा पंखा कुरकुरतो म्हणूनही त्यांना बोलावणं आलं होतं. त्या गेल्या, पंखा बंद केला, "आता आवाज येत नाही ना?" असं विचारलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसल्या.

माहेर शिरपूरकडचं, तापीकाठच्या केळीवाल्या गावातलं. टायपिंगच्या दोन परीक्षा देऊन त्या रक्तपेढीत चिकटल्या तेव्हा तिथे रक्तदात्यांची नावं लांब वह्यांत लिहीत. त्या वह्या संगणकात गेल्या त्या अक्कांच्या बोटांनी. स्वभाव काटेकोर. जगातली निम्मी कामं यादी न केल्यामुळे बिघडतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्याकडे बाजाराची यादी असते, नवऱ्याच्या गोळ्यांची असते, लग्नाला जाताना कुणाला काय बोलायचं नाही याचीसुद्धा असते. अशा बाईची यादी चुकावी आणि त्या चुकीपायी कुणाचा जीव टांगणीला लागावा, हे मी सांगणार आहे. सांगताना मला त्यांचा राग येतो आणि दयाही येते. दोन्ही लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या खोलीत एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे मोठं मशीन. रक्तपेढीची सगळी माहिती त्याच्या पोटात, आणि धुळ्याच्या टेबलांवरूनच नव्हे तर शिरपूर, पिंपळनेर आणि चाळीसगावच्या केंद्रांवरूनही माणसं त्यालाच जोडलेली. तेरा वर्षांचा झाला होता. त्याच्यावर चालणारी आवृत्ती इतकी जुनी, की ती बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं तिची डागडुजी केव्हाच बंद केली होती. नवं मशीन आणि नवी आवृत्ती घ्या, नाहीतर चोर शिरतील, असं तपासणीवाल्यांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे अध्यक्षांनी मान डोलावली.

अध्यक्ष म्हणजे तोतारामनाना. मनानं वाईट माणूस नाही, पण हातात धरता येत नाही ती वस्तूच नव्हे, असं मानणारा. त्यांना परवान्यांचं प्रकरण समजावताना अक्कांच्या नाकी नऊ आले. जुन्या मशीनसोबत आलेला परवाना त्या मशीनसोबतच संपतो, तो उचलून नव्यावर नेता येत नाही. नव्या आवृत्तीचा परवाना वेगळा, आणि तो मशीनच्या आत किती मेंदू आहेत ते मोजून घ्यायचा. शिवाय त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा प्रवेश-परवाना. जुने प्रवेश-परवाने आहेत, पण ते जुन्या आवृत्तीचे, नवीला चालत नाहीत. आणि बाहेरगावच्या केंद्रांवरून आत येणाऱ्यांचा आणखी एक, निराळाच.

"म्हणजे घर आपण बांधायचं," नाना म्हणाले, "आणि आपल्याच घरात शिरायला दर माणशी तिकीट काढायचं?"

"हो, नाना."

"कमाल आहे."

पण अक्कांनी त्यांना सोडलं नाही. अकरा परवान्यांची यादी केली. सर्व्हरचा, माणसांचे, दुरून येणाऱ्यांचा, विषाणू रोखणाऱ्या प्रोग्रामचा, नक्कल ठेवणाऱ्या प्रोग्रामचा, सगळे. नाशिकहून आलेल्या नवल नावाच्या इंजिनिअरनं ती यादी बघितली आणि म्हणाला, मोठमोठ्या दवाखान्यांत इतकी चोख तयारी बघितली नाही. अक्का त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी जिलबी घेऊन गेल्या.

रविवारी दिवसभर माहिती जुन्या मशीनमधून नव्यात उतरली. संध्याकाळी पाचला जुनं मशीन बंद केलं. नानांनी नव्यापुढे नारळ फोडला. सोमवारी सकाळी अक्कांनी रक्तपेढीचा मुख्य प्रोग्राम नव्या सर्व्हरवर उघडला, आणि पडद्यावर अहिराणीत एक ओळ उमटली:

'हाई मशीन मना वळखनं नही. परवाना द्या.'

खाली अंकांसाठी सोळा रिकामे चौकोन. त्याखाली बारीक अक्षरात तंबी, की पाच वेळा चुकीचा क्रमांक टाकला तर कुलूप कायमचं बसेल.

ती ओळ कुणाची, हे अक्कांना कुणाला विचारायची गरज नव्हती. जळगावचे मोतीलाल, म्हणजे मोतीभाऊ. अठरा वर्षांपूर्वी रक्तपेढीचा हा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं, इथेच बाजूच्या खोलीत बसून लिहिला होता. महिनाभर अक्कांच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. पडद्यावर दर सकाळी 'राम राम, चला कामले लागा' असं यायचं, ते त्यांचंच. परदेशी कंपन्यांचे अकरा परवाने अक्कांनी डोळ्यांत तेल घालून मोजले, आणि ज्याच्यावाचून अख्खी रक्तपेढी आंधळी होते तो बारावा त्यांना आठवलाच नाही. विसरल्या असंही म्हणता येत नाही. मोतीभाऊंचा परवाना नडतो तो बाहेरगावच्या केंद्रांना; धुळ्यातल्या धुळ्यात मशीन बदललं तरी तो लागेल, हे त्यांच्या मनानं कधी धरलंच नव्हतं. कंपनीचं ते विकत घ्यायचं आणि आपल्या माणसाचं ते आपलंच, असा आपल्याकडे सगळ्यांचाच हिशेब. अक्कांचाही तोच.

जुनं मशीन पुन्हा लावू म्हटलं तर ते उठेना. तेरा वर्षं अखंड चाललेलं मशीन एक रात्र थंड पडलं ते पडलंच. नवलनं झाकण उघडलं, फुंकर मारली, तारा बदलल्या, आणि हा प्रोग्राम आमच्या करारात नाही असं सांगून काखा वर केल्या. तेवढ्यात त्यानं जुन्या पावत्यांवरचे दोन क्रमांक त्या चौकोनांत टाकूनही पाहिले होते, अक्कांना न विचारता. दोन्ही चुकले. आता तीनच वेळा उरल्या. माहिती नव्या मशीनमध्ये सुखरूप होती, एक अक्षर हललं नव्हतं, पण मोतीभाऊंच्या प्रोग्रामशिवाय ती कुणालाही वाचता येत नव्हती.

इतर सगळं कसंबसं कागदावर निभलं असतं. सारिकाचं निभणार नव्हतं.

सारिका चाळीसगावची, बावीस वर्षांची. जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवलं नाही तर ती जगू शकत नाही. शेकडो पिशव्या चढवून चढवून तिच्या अंगानं परक्या रक्ताशी वैर धरलं होतं. नुसता गट जुळून भागत नव्हतं. गटाच्या आतले बारीक बारीक गुणही जुळावे लागत. रक्तपेढीच्या साडेचार हजार दात्यांत तिला चालतील अशी माणसं सात. फक्त सात. ती सात नावं शोधून काढायला दीड वर्ष लागलं होतं, आणि ती होती त्या कुलपाच्या आत. दात्याचं नाव रुग्णाला सांगायचं नसतं, त्यामुळे खुद्द सारिकालाही ती ठाऊक नव्हती.

तिची तारीख शुक्रवारची. पण मध्येच ताप आला आणि सोमवारी दुपारी तिला आणलं तेव्हा हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं. आई सुंदरबाई तिला पायऱ्यांवरून धरून आणत होती आणि दर दोन पायऱ्यांना दोघी थांबत होत्या. डॉक्टर पितांबर यांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, की शुक्रवार उजाडायच्या आत रक्त हवं. मुंबईला पाठवावं तर या पोरीला प्रवास झेपणार नाही. तिथल्या मोठ्या रक्तपेढीला कळवलं आहे, पण त्यांनाही शोधायला आठवडा लागेल. "तुमच्या मशीनमधली सात नावं द्या," ते म्हणाले, "बाकी मी बघतो."

मंगळवारी रक्तपेढीतली तंत्रज्ञ दिपमाला आणि अक्का तळघरात उतरल्या. दात्यांचे कागदी फॉर्म पोत्यांत बांधून ठेवले होते, पण ते तारखेप्रमाणे, आणि रक्ताचे बारीक गुण त्यांवर लिहिलेलेच नव्हते. ते फक्त मशीनमध्ये. सारिकाला दिलेल्या पिशव्यांच्या जुन्या पावत्यांवरून उलट माग काढत काढत संध्याकाळपर्यंत सातांतली दोन नावं हाती लागली. पहिला सुरतला निघून गेला होता आणि त्याचा फोन लागेना. दुसऱ्याला चार महिन्यांपूर्वी कावीळ झालेली. अक्का पोत्यावरच बसल्या. अंगभर धूळ, आणि रडू येतंय हे दिपमालाला दिसू नये म्हणून त्या खोटं खोटं शिंकल्या.

नाना म्हणाले, मोतीलालला काय हवं ते देऊ, मीच जातो जळगावला. अक्का म्हणाल्या, नको, मी जाते. मोतीभाऊंचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच तो पुसून टाकला होता. जुन्या माहितीपत्रकावरचा नंबर बंद झालेला.

बुधवारी सकाळी सातच्या एसटीत त्या बसल्या. पारोळा जाईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, पण बाहेरचं काही दिसलं नाही. त्यांना दिसत होतं ते नऊ-दहा वर्षांपूर्वीचं.

रक्तपेढीनं मोतीभाऊंकडून परवाना घेतला होता तो एका धुळ्याचा. पुढे तीन गावी केंद्रं निघाली. नवा प्रोग्राम कुठून आणायचा, हा प्रश्न अक्कांना पडलाच नाही. पेनड्राइव्हमध्ये नक्कल केली आणि तिन्ही ठिकाणी देऊन आल्या. माहेरी बांधावर कुणी केळीचे कंद मागायला आलं की वडील टोपलीभर उकरून देत. कुणी त्याचे पैसे मागितल्याचं त्यांनी बघितलं नव्हतं. हेही तसंच. मग एक दिवस मोतीभाऊ दुसऱ्याच कामासाठी पिंपळनेरला गेले आणि तिथल्या पडद्यावर त्यांना आपलाच राम राम दिसला. चहा घेतला आणि परतले. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी प्रोग्रामला कुलूप बसलं: धुळ्याच्या मशीनशिवाय कुठेही चालणार नाही. तेव्हापासून ती तिन्ही केंद्रं धुळ्याच्या मशीनला जोडून घ्यावी लागली, आणि चौथं जोडायची ताकद त्या मशीनमध्ये नव्हती.

नंतर ते एकदाच आले, नानांना भेटायला. भांडायला नव्हे, बोलायला. नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "कागद झेरॉक्स केला तर मूळ कागद झिजतो का? तुमचं काय कमी झालं?" कार्यालयात दोघंचौघं हसले. मोतीभाऊंनी अक्कांकडे पाहिलं. नक्कल कुणी केली, किती कष्टांचा हा प्रोग्राम होता, हे त्या खोलीत एकट्या अक्कांना ठाऊक होतं. अक्का कीबोर्डावरची धूळ बोटानं पुसत राहिल्या, मोतीभाऊ जिना उतरून जाईपर्यंत.

महिन्याभरानं जळगावहून रजिस्टर पाकीट आलं, जाडजूड, अक्कांच्या नावानं. मोतीलाल वकिलाकडे गेला आहे, अशी कुजबुज आधीच होती. आपल्याकडे रजिस्टर पाकिटाला लोक सापासारखे भितात. घेतलं तर नोटीस लागू होते, घेतलंच नाही तर कायद्याचं काही चालत नाही, अशी पक्की समजूत. नानांनी सांगितलं, हात लावायचा नाही. अक्कांनी पोस्टमनकडून पेन घेतलं, 'घेण्यास नकार' असं लिहून सही केली आणि पाकीट आल्या पावली परत गेलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली होती, हेही त्यांना एसटीत आठवलं, आणि स्वतःची किळस आली.

जळगावात नवी पेठेतल्या मोतीभाऊंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे जीवराम म्हणून म्हातारे गृहस्थ होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, मोतीलालला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पिंप्राळ्याला असतो.

"आणि त्यांचे संगणक?" अक्कांनी विचारलं. विचारल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ते भंगारात गेले, बाई."

रिक्षात बसल्यावर अक्कांच्या मनात आलं, परत फिरावं. क्रमांक तयार करणारं मशीन भंगारात, तयार करणाऱ्याची वाचा गेलेली, आणि आपण कोणत्या तोंडानं त्या दारात उभ्या राहणार? तेवढ्यात दिपमालाचा फोन आला. सारिकाचं हिमोग्लोबिन साडेचार. तिनं विचारलंय, अक्का कधी येतील. अक्का म्हणाल्या, येतेच, आणि रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं.

दार मोतीभाऊंच्या बायकोनं, तानुबाईंनी उघडलं. नीट निरखून बघितलं आणि ओळखलं. "धुळानी अक्का ना तुम्ही? बठा." रागाचा एक शब्द नाही. त्यापेक्षा त्यांनी दार लावून घेतलं असतं तर अक्कांना बरं वाटलं असतं.

मोतीभाऊ खिडकीशी खुर्चीत बसलेले. केस पांढरे, चेहरा एका बाजूला ओढलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. डोळे मात्र तेच. अक्का दिसताच ते डोळे हलले.

"त्यासले बठ्ठं समजस," तानुबाई म्हणाल्या. "बोलता येत नही, इतलंच."

अक्कांनी येताना बोलण्याचीही यादी केली होती: आधी तब्येतीची विचारपूस, मग दिलगिरी, मग काम. तिच्यातलं काही राहिलं नाही. त्या खुर्चीपुढे फरशीवरच बसल्या आणि नवं मशीन, कुलूप, सारिका, सात नावं, शुक्रवार, सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. शेवटी म्हणाल्या, "मोतीभाऊ, तीनच वेळा उरल्या. तुम्हाले काही याद शे का?"

मोतीभाऊंच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हे. डावा हात उचलून त्यांनी कपाटाकडे केला, पुन्हा केला, आणि तानुबाई समजल्या. आतून त्यांनी एक पाकीट आणून अक्कांच्या हातात ठेवलं. पिवळं पडलेलं, पण न उघडलेलं. वर अक्कांच्याच अक्षरात लिहिलं होतं: घेण्यास नकार.

"बठ्ठं इकी टाकं, हाई तेवढं ठेवं," तानुबाई म्हणाल्या. सगळं विकलं होतं, ठेवलं होतं ते एवढंच. "तुम्हीच परत धाडेल शे."

अक्कांनी पाकीट फाडलं. आत माहितीपुस्तिका होती, म्हणून ते जाड. तिच्यावर टाचलेलं एक पानी पत्र, आणि पत्राच्या तळाशी सोळा आकडे. वकील नव्हता, नोटीस नव्हती. अक्कांची नजर थेट त्या आकड्यांवर गेली. वरचं काही त्यांनी वाचलं नाही. दिपमालाला फोन लावला आणि एकेक आकडा सांगू लागल्या. घाई इतकी होती की तिसऱ्याच आकड्याला दिपमालानं पुन्हा विचारलं. तेव्हा मोतीभाऊंनी डावा हात पुढे केला आणि बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं. बोट सरकायचं, थांबायचं, अक्का तो आकडा म्हणायच्या, तिकडे दिपमाला टाकायची. सोळावा आकडा झाला. तानुबाईंनी देवाला हात जोडलेले.

"अक्का," दिपमाला म्हणाली, "राम राम आलं."

फोनचा स्पीकर लावलेला होता. मोतीभाऊंनी डोळे मिटून घेतले. दिपमालानं सातही नावं वाचून दाखवली. सुरतवाला आणि कावीळवाला सोडले तर पाच उरत होते, आणि ती लगेच एकेकाला फोन लावायला बसली.

अक्का उठल्या, पदरानं तोंड पुसलं, पर्स घेतली. दीडची गाडी मिळाली असती. त्यांनी दोघांना नमस्कार केला, उपकार फिटणार नाहीत वगैरे काही म्हणाल्या, आणि चप्पल पायात सरकवली.

"पुरं वाचं का तुम्ही?" तानुबाईंनी दारातून विचारलं. "नऊ वरीस व्हयनात. वाची तर ल्या."

अक्का चप्पल काढून पुन्हा आत आल्या आणि पत्र वाचलं.

'सुलक्षणाताई, नानांशी माझं जमणार नाही, म्हणून हे तुमच्या नावानं पाठवतो. कुलूप मी रागात लावलं. रक्ताच्या कामाला कुलूप लावायला नको होतं. सोबतचा क्रमांक कुठल्याही मशीनवर चालेल, पुढे मशीन बदललं, आवृत्ती बदलली तरी. धुळे, शिरपूर, पिंपळनेर, चाळीसगाव, आणखी कुठे केंद्र काढाल तिथेही. पैसे नकोत. परवान्याची अट एकच. वर्षातून एकदा मला कळवत जा, कुठे कुठे चालतंय. एका खोलीत बसून लिहिलेलं एवढ्या लांब पोचलं, हे माणसाला समजायला पाहिजे. बाकी तुमच्या भाकरीची आठवण आहे.'

अक्का तिथेच खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. माणूस रागावला असेल, कोर्टात खेचेल, वाट्टेल ते करेल असं त्यांनी धरलं होतं. त्यानं मागितलं होतं वर्षातून एक पत्र. पाकीट परत आलं तेव्हाही त्यांनी ते फाडलं नाही, असं तानुबाई सांगत होत्या. झटका येईपर्यंत रोज अकराला पोस्टमनला विचारायचे, धुळ्याचं काही आलं का. नंतर बोलता येईना, म्हणून सायकलची घंटा वाजली की नुसतं दाराकडे बघायचे.

"मोतीभाऊ, मनाकडथीन चूक व्हयनी," अक्का म्हणाल्या. दीडची गाडी गेली होती. मग त्यांनी अट पुरी करायला घेतली, नऊ वर्षांची एकदम.

शिरपूरचं सांगितलं. तिथे कॉलेजच्या पोरी रक्त द्यायला येतात आणि निम्म्या जणी वजन कमी भरलं म्हणून परत जातात, तरी दर वर्षी येतात. पिंपळनेरचं सांगितलं. तिथे वनाभाऊ म्हणून कारकून आहे, तो डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोरांची नावं आणतो आणि सकाळी मशीन लावलं की पडद्याला उलट राम राम करतो. चाळीसगावचं सांगितलं, सारिकाचं सांगितलं. तिला कविता पाठ होतात आणि रक्त चढत असताना ती त्या नर्सला म्हणून दाखवते. किती दाते, किती पिशव्या, हे आकडे अक्कांना तोंडपाठ, तेही सांगितले. मध्येच दिपमालाचा फोन आला. शिरपूरचे एक मास्तर शाळा सोडून निघालेत, आणि धुळ्यातला एक जण तर येऊन खाटेवर झोपलाही आहे. डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळी पहिली पिशवी लागेल. अक्कांनी तेही मोतीभाऊंना सांगितलं. त्यांच्या डाव्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती, इतकं ते ऐकत होते.

अक्का थांबल्या. मोतीभाऊंच्या घशातून पुन्हा तो आवाज आला. डावा हात हवेत जरा गोल फिरला.

"आखो कोठे, म्हणतस," तानुबाई म्हणाल्या.

आणखी कुठे. साक्रीला केंद्र काढायचं ठरलं होतं, सहा वर्षांपूर्वी. दोंडाईच्याला जागासुद्धा बघून झाली होती. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या कुणाला नको, आपलाच प्रोग्राम बसवू, म्हणून नाना अडून बसले होते. दोन्ही वेळा अक्कांनीच फायलीवर लिहिलं होतं, की प्रोग्रामला परवाना नाही, सबब केंद्र तूर्त काढता येणार नाही. त्या गावांच्या आया अजून लेकरांना घेऊन एसटीनं धुळ्याला येतात. परवाना तेव्हा या खोलीतल्या कपाटात होता.

"आखो कोठेच नही, मोतीभाऊ," अक्का म्हणाल्या, आणि का नाही तेही त्यांनी सांगून टाकलं, साक्री आणि दोंडाईचा, फायलीवरच्या शब्दांसकट.

मोतीभाऊंना ते समजलं की नाही, कळलं नाही. ते त्यांच्याकडे बघत राहिले, अजून एखाद्या गावाचं नाव निघेल म्हणून.